सिंधूच्या लुगड्याची ठिगळं

पहाटे ५

टेम्पोत सगळ्यांत आधी दगडी जातं चढवायचं. ते तळाला, मधोमध, गोणपाटात गुंडाळून. त्यावर पाळण्याचे सुटे भाग, मग नेपथ्याच्या चौकटी, आणि कपड्यांच्या ट्रंका अगदी शेवटी, दाराशी. उतरवताना त्या आधी हाताशी यायला हव्यात. नाट्यगृहात पोचल्यावर सेट उभा करायला सुताराला दोन-तीन तास पुरतात. कपड्यांना अख्खी दुपार लागते.

आज सांगली. विष्णुदास भावे नाट्यमंदिर, रात्री ९ चा प्रयोग, नाटक ‘संगीत एकच प्याला’. कपडेपट माझ्याकडे, प्रॉपर्टी काकांकडे. आमची हद्द ठरलेली आहे: नटाच्या अंगावर असेल ते माझं, हातात असेल ते काकांचं. नायक सुधाकरची पगडी त्याच्या डोक्यावर आहे तोवर माझी; त्यानं ती काढून टेबलावर ठेवली की काकांची. ही वाटणी न केलेल्या मंडळींमध्ये काय होतं ते मी पाहिलं आहे. ऐन प्रवेशात पगडी कुठेच नसते, आणि दोघंही दुसऱ्यानं उचलली असेल म्हणून निश्चिंत असतात.

मी एकेक नग मोठ्यानं म्हणते, काका वहीत खूण करतात. ट्रंकेत डांबरगोळ्या टाकायला मी सक्त मनाई केली आहे. त्या वासानं गाणाऱ्याचा गळा धरतो. कापडाला कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे आणि लवंगा पुरचुंडीत बांधून घड्यांमध्ये ठेवते. आमच्या आज्या हेच करत होत्या आणि त्यांची लुगडी पन्नास-पन्नास वर्षं टिकली.

सकाळी ८

साताऱ्याच्या पुढे बस चहाला थांबली. बसमध्ये बारीक टाके घालता येत नाहीत, पण टिचबटणं तपासता येतात, नाड्या ओवता येतात. आमच्या सुधाकरचं वजन पावसाळ्यापासून वाढलं आहे. त्याच्या कोटाच्या पाठीत मी आतून दोन बोटं जास्तीचं कापड दाबून ठेवलेलं असतंच. नाटकाचा कपडा शिवताना शिलाईत कापड सोडायचं, कारण प्रयोग चालू राहतात आणि माणसं बदलतात, कधी तर भूमिकाच दुसऱ्याकडे जाते.

सकाळी ११

सांगली. नारळ, उदबत्ती, रंगमंचाला नमस्कार. या गावात नाटकाचं सामान उतरवताना मला नेहमी विष्णुदास भावे आठवतात. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी त्यांनी इथे ‘सीतास्वयंवर’ केलं. तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. भावे कवी होते आणि सूत्रधारही, हे सगळे सांगतात. ते हातानं वस्तू घडवणारे कारागीरही होते, हे फार थोडे सांगतात. त्यांनी लाकडाच्या बाहुल्या घडवल्या होत्या. पुढे रामदास पाध्यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. मराठी नाटकाच्या जनकाला लाकूड तासता येत होतं, ही गोष्ट आम्हा पडद्यामागच्या लोकांना फार जवळची वाटते.

दुपारी १२

इस्त्री. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. अशी सहा, शिवाय धोतरं, उपरणी, सदरे, कोट. इस्त्रीवाला दादा बरोबर असतो, पण कशाला किती कडक इस्त्री हे मी ठरवते. पहिल्या अंकातल्या सुधाकरचं धोतर कडक, निऱ्या मोजून घेता येतील असं. तो हुशार वकील आहे, नाव कमावतो आहे. दुसऱ्या अंकात तेच धोतर इस्त्रीशिवाय, फक्त झटकून वाळवलेलं. तिसऱ्यात दुसरं धोतर, काठ उसवलेलं, आणि ते मी मुद्दाम चुरगळून पिशवीत भरून आणते.

मूळ नाटक पाच अंकी. राम गणेश गडकऱ्यांनी ते लिहिलं, पण प्रयोग पाहायला ते राहिले नाहीत. २३ जानेवारी १९१९ ला ते गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला पहिला प्रयोग केला. आम्ही पाच अंकांचे तीन केले आहेत, मध्ये दोन मध्यंतरं. सनद गेलेला सुधाकर दारूबाज तळीरामाच्या नादानं पहिला प्याला घेतो आणि तिथून एक घर पायरी पायरीनं खाली उतरत जातं. हे उतरणं संवादांत आहे, पदांत आहे, आणि तितकंच कपड्यांत आहे. प्रेक्षक ते मुद्दाम बघत नाही, पण त्याला ते कळतं. सुधाकर पहिल्यांदा बोडक्यानं रस्त्यावरून घरात येतो, तेव्हा त्याच्या तोंडी कितीही ताठ वाक्य असलं तरी वयस्क प्रेक्षकांच्या तोंडून च्-च् निघतं. त्या काळी घरंदाज पुरुष पगडीशिवाय उंबरठा ओलांडत नसे. आजच्या तरुण प्रेक्षकाला हा संकेत ठाऊक नसतो. म्हणून पहिल्या अंकात सुधाकर बाहेर जाताना त्याची बायको सिंधू त्याच्या हातात पगडी देते, ही छोटीशी कृती दिग्दर्शकानं घातली. मी सुचवली होती. वस्तूचा अर्थ आधी प्रेक्षकाला शिकवावा लागतो, मगच तिचं नसणं त्याला टोचतं.

दागिन्यांचंही तसंच. तुळशीबागेतला खोटा दागिना रंगमंचावरच्या दिव्यात खऱ्यापेक्षा जास्त चमकतो आणि तिथेच घात होतो. मी त्यावर ओल्या साबणाचा हात फिरवते. चकाकी मरते, पिवळेपणा राहतो. आमच्या प्रयोगात सिंधूच्या अंगावरचा एकेक दागिना कमी होत जातो. कोणता आधी जाईल, याचा मी खूप विचार केला. बाजूबंद आणि वज्रटीक आधी जातील. ते सणासमारंभाचे, रोज नसले तर शेजारणीच्या लक्षात येत नाहीत. मग पाटल्या. त्या गेल्या की हात बोलतो. नथ मात्र ती लपवून ठेवील, कारण नथ माहेरची. आणि शेवटी काळी पोत आणि काचेच्या हिरव्या बांगड्या. हा क्रम नाटकात कुणी उच्चारत नाही. पण नट्या बदलल्या तेव्हा नव्या सिंधूला मी हा क्रम समजावून सांगितला. ती बराच वेळ गप्प होती, आणि त्या दिवसाच्या तालमीत पाटल्या गेल्यानंतरच्या प्रवेशात ती पदराखाली मनगटं झाकून घेऊ लागली. दिग्दर्शकानं ते तसंच ठेवलं.

दुपारी २

जेवून काकांच्या टेबलाशी. उजव्या आणि डाव्या विंगेत एकेक लांब टेबल, त्यावर पांढरा कागद, कागदावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा आणि नाव. पत्र, चष्मा, पानाचा डबा, प्याला, बाटली, काठी. जिथून उचललं तिथेच परत ठेवायचं, हा नियम नटांपैकी सर्वांत ज्येष्ठांनाही आहे. अंधारात चाचपडणाऱ्या हाताला वस्तू ठरल्या जागी मिळाली की नटाचं लक्ष भूमिकेवरून हलत नाही.

प्याल्यांचे काका तीन नग आणतात, जाड काचेचे. प्लॅस्टिकचा चालेल का, असं निर्मात्यानं एकदा विचारलं होतं. फुटायचं भय नाही, खर्च वाचेल. काकांनी दोन्ही प्याले टेबलावर आपटून दाखवले. काच लाकडावर टेकते तेव्हा जो आवाज येतो, त्यावर या नाटकाचे दोन अंक संपतात. प्लॅस्टिकच्या आवाजावर पडदा पाडता येत नाही.

प्याल्यात कोरा चहा, दोनदा गाळलेला, बिनसाखरेचा. साखर घातली की घसा चिकटतो आणि विंगेत मुंग्या येतात. पहिल्या प्याल्याला चहा फिका, कारण तळीराम नवशिक्याला पाणी घालून देईल. पुढे पुढे गडद. शेवटचा, विष घातलेला प्याला सर्वांत गडद, जवळजवळ काळा. बाराव्या-पंधराव्या रांगेच्या मागे हा फरक कुणाला दिसणार नाही. पण सुधाकरला दिसतो. प्याला ओठाला लावताना त्याच्या डोळ्यांसमोर तो रंग असतो आणि चेहऱ्यावर जे उमटतं ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं. प्रॉपर्टीचा पहिला प्रेक्षक नट असतो, असं काका नव्या पोरांना सांगतात. मला हे पूर्ण पटतं.

जातंही खरं आहे ते याचसाठी. सिंधू दुसऱ्यांची दळणं दळून घर चालवते, त्या प्रवेशात पूर्वी थर्माकोलचं, दगडी रंग दिलेलं जातं होतं. दिसायला उत्तम. पण ते ओढायला जोर लागत नसे, त्यामुळे नटीचा खांदा खोटं बोलायचा. जोर लागल्याचा अभिनय आणि खरोखर लागलेला जोर यांत फरक असतो, विशेषतः त्याच वेळी गायचं असेल तेव्हा. खऱ्या जात्यावर मूठभर जोंधळे टाकून ती दळते, तेव्हा तिचा श्वास दळणाच्या फेऱ्यात अडकतो आणि गाणं त्या श्वासातून वाट काढत येतं. चार माणसं लागतात ते जातं चढवायला-उतरवायला. कुणी कुरकुर करत नाही.

आणि बाळ. दुपट्यात गुंडाळलेली बाहुली नेली तर आईचा हात हलका राहतो. मागच्या रांगेतल्या बाईलाही कळतं की आत काही नाही. काकांनी जुन्या मऊ धोतराची पिशवी शिवून घेतली, त्यात बाजरी भरली, डोक्याच्या बाजूला थोडी जास्त. आता नटी बाळ उचलते तेव्हा तिचा तळहात आपोआप मानेखाली जातो. प्रयोग नसताना ते बाळ पाळण्यात ठेवत नाहीत, आणि रिकामा पाळणा हलवूही देत नाहीत. या नाटकात त्या बाळाचं जे होतं ते ठाऊक असल्यामुळे हा नियम आमच्याकडे सगळे मनापासून पाळतात.

दुपारी ४

प्रकाशयोजना लावून झाली की मी एकेक कपडा दिव्याखाली धरून बघते. पांढरं स्वच्छ कापड रंगमंचावर डोळ्यांत घुसतं आणि चेहरा काळवंडतो. म्हणून आमचं एकही धोतर शुभ्र नाही. सगळी चहाच्या पाण्यातून काढलेली. जुन्या पिवळ्या दिव्यांत तो रंग दुधाळ दिसायचा. आता एलईडीच्या थंड उजेडात कधी राखाडी वाटतो. मग दिवेवाल्या दादाला विनंती करून थोडा पिवळा रंग मिसळून घ्यायचा. तो घेतो.

माईक हा नवा पाहुणा. पूर्वीचे गायक नट उघड्या गळ्यानं शेवटच्या रांगेपर्यंत पोचत. आज प्रत्येकाच्या अंगावर माईकची डबी असते आणि नऊवारीत ती ठेवायला जागा नसते. कमरेला कासोटा, पाठ चोळीत उघडी. मी चोळीच्या आत डाव्या कुशीला कापडी कप्पा शिवला आहे. तार मानेवरून केसांत. काचेच्या बांगड्या छातीजवळ आल्या की माईकमधून खणखणाट होतो, म्हणून ध्वनीवाले म्हणतात रबरी घाला. मी नकार देते. बांगड्या कमी केल्या, हाताला दोन-दोन ठेवल्या, पण काचेच्याच.

सायंकाळी ७

रंगभूषा सुरू. कपडे खोल्यांत लावले, प्रत्येक हँगरवर अंकाचा आकडा. इथून पुढे मी फार बोलत नाही. नेसवताना नटी आपल्या ओळी पुटपुटत असते. त्यात आपला आवाज मिसळू नये.

शिवलेली नऊवारी मिळते, दोन मिनिटांत चढते. गर्दीतल्या बायकांना मी तीच देते. सिंधूला नाही. नेसलेल्या लुगड्याला चालताना जी ओढ असते, बसताना जे सावरावं लागतं, पदर पुन्हा पुन्हा खांद्यावर घ्यावा लागतो, त्यात त्या बाईचं वळण आहे. शिवलेल्या लुगड्यात सावरायला काही नसतं, मग नटीच्या हातांना कामच उरत नाही.

रात्री ९

तिसरी घंटा. नांदी. पडदा.

रात्री १०.१०

पहिल्या मध्यंतराच्या जरा आधी सिंधू विंगेत आली ती गळ्याशी हात धरून. मंगळसूत्र वाढलं होतं. मणी तिनं पदरात झेलले होते, एकही रंगमंचावर पडू दिला नव्हता, आणि पद पुरं करून आली होती. माझ्या गळ्यात दोरा ओवलेल्या सुया कायम टोचलेल्या असतात. काळा दोरा दुहेरी. काकांनी निळा कागद लावलेली बॅटरी धरली, मी मणी ओवले, तिनं पाणी पिऊन घेतलं. ती परत गेली तेव्हा समोरच्या माणसांना काही कळलं नव्हतं.

रात्री ११

दुसरं मध्यंतर. हाच माझ्या दिवसाचा खरा भाग. सिंधूला शेवटच्या अंकाचं ठिगळांचं लुगडं नेसवायचं.

या लुगड्याला इतिहास आहे. बालगंधर्वांच्या कंपनीचं वैभव मराठी माणसाला तोंडपाठ आहे: भरजरी शालू, पैठण्या, अत्तराचा घमघमाट, आणि त्यापायी झालेलं कर्जही. बायका त्यांच्या नेसण्याची आणि दागिन्यांची नक्कल करत. ‘एकच प्याला’त तेच बालगंधर्व सिंधू म्हणून, गणपतराव बोडसांच्या सुधाकरसमोर, ठिगळं लावलेल्या लुगड्यात उभे राहिले. शालूंसाठी ज्यांची ख्याती, त्यांना तसं पाहून लोक हेलावले. ज्या अंगावर प्रेक्षकांनी जर पाहिली होती, त्याच अंगावर ते ठिगळ होतं, म्हणून ते इतकं बोललं. माझ्या मते मराठी रंगभूमीवरच्या वेशभूषेचं सर्वांत मोठं काम तेच.

पण त्या ठिगळांची नक्कल पुढे फार वाईट झाली. मी असे प्रयोग पाहिले आहेत की ज्यांत सिंधू लाल, पिवळ्या, निळ्या चौकोनांचं लुगडं नेसून येते, टाके बोटभर लांब, लांबून दिसावेत म्हणून पांढऱ्या दोऱ्यानं घातलेले. ती भिकारीण दिसते. सिंधू भिकारीण नाही. ती चांगल्या घरातली, शिवणटिपण येणारी बाई आहे. ती ठिगळ लावील तर रंगाला रंग मिळवून, आतून, बारीक टाक्यांनी, कुणाला दिसू नये म्हणून. तिची गरिबी ठिगळात नाही, ते लपवण्याच्या कष्टात आहे.

आमचं लुगडं मी बोहारणीकडून मिळवलेल्या दोन जुन्या इरकलींमधून केलं. दोन्ही वापरून विरलेल्या, कारण नवं कापड कितीही धुतलं, दगडावर घासलं, तरी त्याला ती मऊ मरगळ येत नाही. एका लुगड्याचा काठ शाबूत होता, तो ठेवला. विरलेल्या जागी दुसऱ्याचे तुकडे आतून लावले. गुडघ्यावर दोन, कारण ती दळायला बसते. पदराच्या टोकाला एक, कारण चुलीवरचं भांडं उतरवताना तिथे पोळतं. पाठीवर एकही नाही. तिथे लुगडं झिजत नाही. इस्त्री करत नाही, घडी घालून वजनाखाली ठेवते, म्हणजे नेसल्यावर घडीच्या रेघा दिसतात. सिंधूकडे इस्त्री कुठली? ती धुऊन, हातानं ताणून, उशाखाली ठेवणार.

पहिल्या अंकातल्या पैठणीचा एक तुकडा, चार बोटं रुंद, या लुगड्याच्या पदराला आतून लावला आहे. तो बाहेरून दिसत नाही. फक्त शेवटी सिंधू जमिनीवर पडते तेव्हा पदर उलटतो आणि जर क्षणभर दिव्यात येते. कुणाच्या लक्षात आलं तर आलं.

नेसवून झालं. काळी पोत, चार बांगड्या. ती आरशात बघत नाही. या अंकाआधी ती कधीच बघत नाही.

रात्री १२.४०

पडदा. टाळ्या सुरू असतानाच काका काठी, प्याला आणि बाळ हातानं उचलून आणतात; ते दुसऱ्या कुणाला उचलू देत नाहीत. मी घामानं भिजलेल्या चोळ्यांच्या काखेतल्या पट्ट्या टिचबटणं काढून सुट्या करते. त्या रात्रीच धुवाव्या लागतात, नाहीतर रेशीम महिन्याभरात कुजतं. यासाठी मला रंगपटात एक नळ, एक दोरी आणि चालू असलेला विजेचा एक प्लग लागतो. महाराष्ट्रातली नवीन, वातानुकूलित नाट्यगृहं बांधताना खुर्च्यांवर खूप विचार होतो. या तीन गोष्टींवरही व्हावा, असं मी मनापासून मागते.

आणि त्याहून मोठं मागणं वाचकांकडे आहे. नाटक बंद पडलं की त्याचे कपडे, पगड्या, दिवे कुठे जातात? काही भाड्यानं देणाऱ्या दुकानांत, बाकी भंगारात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा सारं राज्य हळहळलं, आणि ते योग्यच होतं. पण नाटकाच्या वस्तू रोज थोड्या थोड्या नाहीशा होतात, त्याची बातमी होत नाही. आम्हाला आज खरी जुनी नऊवारी मिळत नाही, घड्यांची पगडी बांधणारे हात कमी होत चालले आहेत, चिमणीचा कंदील विकत घ्यायला गेलं तर शोभेचा मिळतो.

तुमच्या घरात माळ्यावर आजीची ट्रंक असेल. ती रिकामी करताना भंगारवाल्याला बोलावण्याआधी गावातल्या नाटक मंडळीला, हौशी संस्थेला, निदान शाळेच्या नाट्यशिक्षकाला एक निरोप द्या. लुगडं फाटकं असलं तरी द्या, काठ शाबूत असेल तर नक्कीच द्या. धुऊन, इस्त्री करून देऊ नका. जसं आहे तसं द्या.